तेच रिवॉर्ड कार्ड दुसऱ्यांदा घेताय? या चुका टाळा

जास्त कॅशबॅक देणाऱ्या कार्डांना बहुतेकदा मर्यादा असते. अमेरिकेतल्या सिटी कस्टम कॅश कार्डावर सर्वाधिक खर्चाच्या एका प्रकारात 5 टक्के मिळतात, पण दर बिलिंग सायकलला (एका बिलापासून पुढच्या बिलापर्यंत) पहिल्या 500 डॉलरवरच. पुढे 1 टक्का. मग वाटतं, हेच कार्ड आणखी एक घ्यावं. कल्पना वाईट नाही, पण गडबड हिशेबात होते आणि त्याहून जास्त सांभाळण्यात.

आधी हिशेब. दुसऱ्या कार्डाचा फायदा 5 टक्के धरू नका. मर्यादेपलीकडचा खर्च तुम्ही आजही कुठल्यातरी कार्डावर करताच. तिथे 2 टक्के मिळत असतील तर नवी कमाई फक्त 3 टक्के, म्हणजे 500 डॉलरवर 15. तीही पूर्ण 500 खर्च झाले तरच. मागची काही स्टेटमेंट काढून मर्यादा खरोखर किती वेळा ओलांडली ते पाहा. कार्डाला वार्षिक फी असेल तर बेत इथेच बारगळू शकतो.

थेट नवा अर्ज करायचीही घाई नको. तेच कार्ड हातात असताना अनेक बँका दुसरा अर्ज नाकारतात किंवा वेलकम बोनस देत नाहीत. त्याच बँकेचं पडून असलेलं दुसरं कार्ड बदलून त्याजागी हे कार्ड मिळतं का, हे आधी विचारावं. त्यात सहसा बोनस नसतो, पण खातं जुनंच राहतं. जुन्या कार्डावरच्या पॉइंटचं काय होणार, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

खरी डोकेदुखी कार्ड घरी आल्यावर सुरू होते. दोन्ही दिसायला सारखी, ॲपमध्ये नावही तेच. एकाचं बिल दुसऱ्यावर भरलं जातं आणि लेट फी लागते. त्या महिन्याची जादा कमाई त्यात सहज जाते. ॲपमध्ये टोपणनाव देता येत असेल तर द्या, कार्डावर मार्करने खूण करा आणि शेवटचे चार आकडे लक्षात ठेवा. ऑटोपे दोन्हींवर वेगवेगळा लावावा लागतो. पहिल्यावर आहे म्हणजे दुसऱ्यावर आपोआप लागतो, असं नाही. (ही चूक हुशार माणसंही करतात.)

कॅशबॅक कमी आला? बँकेला फोन लावण्याआधी तारीख बघा. खरेदीची नव्हे, तर सहसा व्यवहार खात्यात पोस्ट झाल्याची, म्हणजे पक्का नोंदला गेल्याची. दोन्ही कार्डांच्या सायकल वेगळ्या असतील तर मर्यादाही वेगवेगळ्या दिवशी नव्याने सुरू होते. मग दुकानाचा मर्चंट कोड, म्हणजे दुकान कुठल्या प्रकारात मोडतं ते सांगणारा आकडा. तुम्हाला किराणा वाटतो तो बँकेच्या लेखी दुसराच प्रकार असू शकतो. सर्वाधिक खर्चाचा प्रकार आपोआप निवडणाऱ्या कार्डावर तर हॉटेलचं एक मोठं बिल पडलं, की महिनाभराचा किराणा 1 टक्क्यावर येतो. म्हणून एका कार्डावर एकच प्रकार ठेवा. चेस फ्रीडम फ्लेक्ससारख्या, दर तिमाहीला प्रकार बदलणाऱ्या कार्डांवर ॲक्टिव्हेशनही प्रत्येक कार्डाचं स्वतंत्र करावं लागतं.

दुसरं कार्ड नको झालं तर बंद करण्याआधी पॉइंट वापरून टाका किंवा दुसऱ्या खात्यात हलवा. त्या कार्डाची क्रेडिट मर्यादा पहिल्यावर वळवता येते का, तेही विचारा. नाहीतर एकूण मर्यादा घटते, मर्यादेच्या तुलनेत वापराचं प्रमाण वाढलेलं दिसतं आणि क्रेडिट स्कोअर खाली येऊ शकतो. एखादा रिफंड यायचा बाकी असेल तर तो जमा होईपर्यंत कार्ड चालू ठेवा.