अमेरिकेतील विद्यापीठाच्या संघाविषयी मत कसे बनवावे

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतील एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठात दाखल झालेल्या मराठी विद्यार्थ्याला सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आपले नवे गाव ओळखू येत नाही. रस्ते बंद असतात, बसचे मार्ग बदललेले असतात, विभागासमोरच्या पार्किंगमध्ये सकाळी आठपासून शेगड्या पेटलेल्या असतात आणि शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे एकाच रंगाचे कपडे घालून विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना पाहायला स्टेडियमकडे निघालेले असतात. सोमवारी प्रयोगशाळेत गेल्यावर सहकारी विचारतात, "कोचला काढायला हवे की नको? तुला काय वाटते?" गप्पांत सामील होण्यासाठी काहीतरी ठोकून देण्याचा मोह तेव्हा होतो, आणि मीही पहिल्या वर्षी तेच केले. पुढे अनेक हंगाम पाहिल्यावर लक्षात आले की हे मत जपून बनवावे लागते, कारण त्याचा भार अठरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींवर पडतो आणि पुष्कळ विद्यापीठांत या खेळांच्या खर्चाचा काही वाटा विद्यार्थ्यांच्या फीमधून जातो. म्हणून प्रत्येक वेळी एक प्रश्न आधी विचारावा: ज्या गोष्टीचा मला राग आला आहे, ती ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाकडे होता? खाली दिलेली सगळी रीत या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी रचना समजून घ्यावी

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामना म्हटला की मैदानाच्या कडेला उभे असलेले खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार शिक्षक डोळ्यांसमोर येतात. इथले प्रमाण वेगळे आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची अधिकृत आसनक्षमता 1,07,601 आहे, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून अधिक. रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत 6 नोव्हेंबर 1869 रोजी झालेल्या सामन्यापासून, जो रटगर्सने 6-4 असा जिंकला, विद्यापीठांतल्या फुटबॉलच्या परंपरेची गणती होते. पुढे खेळ इतका हिंसक झाला की मैदानावरच्या मृत्यूंमुळे 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, आणि 1906 मध्ये जी संघटना उभी राहिली तीच विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणारी आजची एनसीएए.

आपले विद्यापीठ एनसीएएच्या कोणत्या विभागात आहे हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावे. पहिल्या विभागात क्रीडा शिष्यवृत्त्या आणि मोठा पैसा असतो, तरी त्यातल्याच आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड-प्रिन्स्टनसारखी जुनी खासगी विद्यापीठे क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. तिसऱ्या विभागात तर ती कोणालाच मिळत नाही. दूरचित्रवाणीचे मोठे करार बहुतेक कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, पातळीवर होतात, त्यामुळे कॉन्फरन्सचे नावही ठाऊक असावे. तुम्ही ज्या क्रिकेट संघात खेळाल तो मात्र विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब असतो. एनसीएएच्या खेळांत क्रिकेट नाही, तेव्हा क्लबच्या आणि विद्यापीठाच्या अधिकृत संघाच्या सोयींची तुलना करून कोणावर आरोप करू नये.

पहिला सामना

स्टेडियममधल्या विद्यार्थ्यांच्या विभागाचे तिकीट घ्यावे, कारण तिथेच सामना कळतो. तिथे बसायचे नसते. ॲल्युमिनियमच्या बाकांवर चार तास उभे राहावे लागते, तेव्हा पायांत जुने, आरामाचे बूट असावेत आणि पिशवी पारदर्शक असावी, नाहीतर बहुतेक स्टेडियमांत दारातूनच परत पाठवतात. टेक्सस ए अँड एम विद्यापीठात तर 1922 साली ई. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी गरज पडलीच तर खेळायला म्हणून संघाच्या बाजूला गणवेश घालून उभा राहिला, त्याची आठवण म्हणून विद्यार्थी आजही संपूर्ण सामना उभ्यानेच पाहतात.

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाने एक गोष्ट मुद्दाम शिकावी. आपला संघ चेंडू घेऊन चाल करत असेल तेव्हा गप्प राहायचे आणि प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असताना घसा फोडून ओरडायचे. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, आपल्या सहकाऱ्यांना शब्दांनी खुणा देत असतो आणि गोंगाटात त्या ऐकू येत नाहीत. मी पहिल्याच सामन्यात आपल्या संघाची चाल सुरू असताना उत्साहाने ओरडले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून दोन्ही तळवे खाली दाबत मला शांत राहायला सांगितले. त्या क्षणी मला कळले की इथला प्रेक्षक खेळावर खरोखर परिणाम करतो, म्हणून त्याच्यावर काही जबाबदारीही येते.

त्याच हंगामातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. शेवटचे काही सेकंद उरले असताना आमच्या किकरची, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूची, किक उजव्या खांबाच्या बाहेरून गेली आणि सामना हातचा गेला. माझ्या मागचा तरुण त्या मुलाचे नाव घेऊन अर्वाच्य शिव्या देऊ लागला. तीन रांगा खाली एक मध्यमवयीन जोडपे उभे होते, आणि त्यातल्या बाईंच्या जर्सीच्या पाठीवर त्याच मुलाचे आडनाव होते. त्यांनी मागे पाहिले नाही. नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे मैदानाकडेच पाहत राहिले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: खेळाडूच्या खेळावर बोलताना जे वाक्य त्याच्या आईसमोर म्हणता येणार नाही, ते कुठेच म्हणायचे नाही. "किक उजवीकडे गेली, कारण चेंडू ठेवणाऱ्याला तो नीट धरता आला नाही" हे मत आहे, आणि ते मोठ्याने मांडता येते. त्या मुलाच्या बुद्धीविषयी, वंशाविषयी किंवा घराविषयी बोलणे हे मत नव्हे.

पैज लावणाऱ्यांनी हा प्रश्न अधिक बिकट केला आहे. एखाद्या खेळाडूच्या वैयक्तिक आकड्यांवर पैसे हरलेले लोक रात्री त्याच्या फोनवर धमक्या पाठवतात. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी 2024 मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंवरील अशा पैजा बंद करण्याची मागणी केली ती याच कारणाने. आपण विद्यार्थी असू तर आपल्या वर्गातल्या खेळाडूंवर पैज लावूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांच्या वागण्याविषयी मत

मोठ्या विजयानंतर विद्यार्थी मैदानावर धावून जातात. 15 ऑक्टोबर 2022 रोजी टेनेसीने अलाबामाला 52-49 असे हरवले, 2006 नंतर पहिल्यांदाच, तेव्हा लोकांनी गोलचे खांब उपटून टेनेसी नदीत नेऊन टाकले आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्सने विद्यापीठाला 1 लाख डॉलर दंड केला. हे चित्र पाहून कोणालाही हसू येईल, आणि तो आनंद खरा होता यात शंका नाही. परंतु जानेवारी 2024 मध्ये ओहायो स्टेटच्या बास्केटबॉल मैदानावर धावत आलेली एक प्रेक्षक आयोवाची खेळाडू केटलिन क्लार्क हिला धडकली आणि क्लार्क खाली कोसळली. पुढच्याच महिन्यात वेक फॉरेस्टच्या बास्केटबॉल मैदानावर ड्यूकचा खेळाडू कायल फिलिपॉवस्की गर्दीत सापडून जखमी झाला. दोन्ही वेळी फटका बसला तो निघून जाण्याच्या प्रयत्नात असलेल्या पाहुण्या खेळाडूला.

त्यामुळे मैदानावर जाणे बरोबर की चूक यावर वाद घालण्यापेक्षा पाहुणा संघ बाहेर पडला आहे का, हे पाहावे. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने 2025 मध्ये प्रत्येक घुसखोरीसाठी 5 लाख डॉलर दंड ठरवला, तरी पाहुणे सुखरूप आत गेल्यानंतर लोक उतरले असतील तर तो माफ करण्याची तरतूद ठेवली, आणि मला ती शहाणपणाची वाटते. व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने मात्र याही स्थितीत खाली उतरू नये. अटक झाली किंवा विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई केली, तर तिचे परिणाम एका सामन्यापुरते राहत नाहीत.

चांगल्या वागण्याचीही नोंद ठेवावी, कारण चाहत्यांविषयी बोलताना ती सहसा वगळली जाते. आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला लागून मुलांचे रुग्णालय आहे. 2017 पासून पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला चौथा भाग, संपला की सगळे प्रेक्षक आणि दोन्ही संघ वळून वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांमधल्या आजारी मुलांना हात हलवतात. पाहुण्या संघाचे खेळाडूही हात हलवतात. यासाठी कोणी सक्ती केलेली नाही.

निष्ठेची मर्यादा कुठे असावी, हे पेन स्टेट विद्यापीठाच्या उदाहरणावरून ठरवावे. नोव्हेंबर 2011 मध्ये माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ठेवले गेले आणि विश्वस्तांनी फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना पदावरून दूर केले, तेव्हा पटर्नोंच्या बाजूने हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी वृत्तवाहिनीची गाडी उलटवली. पुढे सँडस्की दोषी ठरला. त्या रात्री घोषणा देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आरोपपत्र वाचलेले नसावे, असे मला वाटते. आपल्या आवडत्या प्रशिक्षकावर आरोप झाला तर आधी कागद वाचावेत, ज्यांना इजा झाली त्यांचा विचार करावा आणि मगच तोंड उघडावे.

पैसा आणि विद्यापीठाचे निर्णय

इथे थोडा अधिक वेळ द्यावा लागतो, कारण चाहत्यांच्या मतांमध्ये सर्वांत मोठा गोंधळ याच बाबतीत असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये प्रक्षेपणावरील एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि कॉन्फरन्सना स्वतःचे करार करण्याची वाट मोकळी झाली. 2021 मध्ये त्याच न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील बंधने एकमताने अवैध ठरवली, आणि त्या वर्षीच्या 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. 2025-26 साठी प्रत्येक विद्यापीठाला त्याची मर्यादा सुमारे 2.05 कोटी डॉलर होती. व्हिसावर आलेल्या परदेशी खेळाडूंना मात्र या उत्पन्नाचा मार्ग सहजासहजी खुला नाही.

हा इतिहास ठाऊक असला की दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या खेळाडूला गद्दार म्हणण्याची सवय सुटते. पूर्वी फुटबॉलसारख्या मोठ्या खेळांत संघ बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसावे लागे, आणि प्रशिक्षक मात्र हंगाम संपायच्या आत जास्त पगाराच्या जागी निघून जाऊ शकत असे. 2021 मध्ये पहिल्या बदलीपुरते आणि 2024 मध्ये अभ्यासात पात्र असलेल्या सर्वांसाठी ते बंधन गेले. वीस वर्षांच्या मुलाने आपल्या हिताचा विचार केला, एवढाच त्याचा अर्थ आहे.

"कोचला काढा" असे म्हणण्यापूर्वी त्याचा करार पाहावा. सरकारी विद्यापीठांतले असे करार बहुधा जाहीर असतात, आणि मुदतीआधी काढल्यास किती रक्कम द्यावी लागेल हे त्यात लिहिलेले असते. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा ती रक्कम 7.5 कोटी डॉलरहून अधिक होती. दोष करार लिहिणाऱ्यांचा आणि त्यावर सही करणाऱ्यांचा होता, तरी चर्चा होते ती हरलेल्या सामन्यांची.

कॉन्फरन्स बदलण्याच्या निर्णयाकडेही असेच पाहावे. 2024 मध्ये लॉस एंजेलिसचे यूसीएलए हे विद्यापीठ बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेले, त्यामुळे न्यू जर्सीतले रटगर्स आणि ते आता एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. दोघांमध्ये सुमारे 4,000 किलोमीटरचे अंतर आहे. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदाच खेळतो, पण व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी अधिक वेळा आणि कामाच्या दिवशीही प्रवास करते. प्रक्षेपणाच्या पैशाची बातमी वाचताना त्या मुलीचे वेळापत्रक उघडून बसावे. तिची परीक्षा कोणत्या विमानतळावर चुकते आहे हे दिसल्यावर माझे स्वतःचे मत बदलले.

एखादा खेळ बंद होणार असे जाहीर झाले, तर निर्णय अटळ आहे असे समजू नये. स्टॅनफर्डने जुलै 2020 मध्ये 11 खेळ बंद करण्याचे ठरवले आणि माजी खेळाडूंच्या विरोधानंतर मे 2021 मध्ये तो निर्णय मागे घेतला. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाने 2014 मध्ये फुटबॉल बंद केला आणि 2017 मध्ये त्यांचा संघ पुन्हा मैदानावर होता. उलट दिशेचे उदाहरणही लक्षात ठेवावे. शिकागो विद्यापीठाने 1939 मध्ये मोठा फुटबॉल सोडला, आणि विद्यापीठीय फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराचा पहिला मानकरी याच विद्यापीठाचा असूनही त्यांची विद्वत्तेची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही.

"मुलींचे खेळ कोण पाहतो" हे वाक्य ऐकू आले, तर 30 ऑगस्ट 2023 चा आकडा सांगावा: नेब्रास्कामध्ये महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्याला 92,003 प्रेक्षक आले होते.

आकडे कुठे पाहावेत आणि मत कुठे पोहोचवावे

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर क्रीडा समानतेची माहिती विद्यापीठनिहाय मिळते. पुरुष आणि महिला खेळाडूंची संख्या, प्रशिक्षकांचे सरासरी पगार आणि प्रत्येक खेळावरचा खर्च हे सगळे तिथे असते. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन कायद्याविषयी बोलायचे असेल तर सुरुवात या तक्त्यापासून करावी. नंतर आपल्याच फीचे बिल उघडून क्रीडा शुल्क वेगळे दाखवले आहे का, ते पाहावे. दाखवले नसेल तर विद्यार्थी प्रतिनिधींना लेखी विचारावे.

पत्र क्रीडा संचालकांना, म्हणजे ॲथलेटिक डायरेक्टरना लिहावे, एका पानाचे असावे आणि त्यात एकच मागणी असावी. "आमच्या विद्यार्थ्यांच्या विभागात अर्वाच्य घोषणा होतात, त्या थांबवण्यासाठी पुढच्या सामन्यापासून काय करणार" असे विचारले की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. "आपला कार्यक्रम रसातळाला गेला आहे" असे लिहिले तर शिष्टाचाराचे दोन ओळींचे उत्तर येते. मोठ्या निर्णयांसाठी विश्वस्त मंडळाची सभा गाठावी. सरकारी विद्यापीठांत तिची विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते, आणि बोलण्याची संधी असेल तिथे बहुधा आधी नाव नोंदवावे लागते, तेव्हा तारीख पाहून ठेवावी. पत्र शनिवारी रात्री, हरलेल्या सामन्यानंतर लगेच पाठवू नये. रविवारी ते लिहावे, सोमवारी खेळ न पाहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्यावे आणि मंगळवारी सकाळी पाठवावे.