विमानं आणि युद्ध-इतिहासावरची रेफरन्स बुक्स घेताय? या चुका टाळा

लढाऊ विमानांवरची चांगली पुस्तकं महाग असतात, बाहेरून मागवायची म्हटली तर अजूनच, आणि तरी बरेच जण नुसतं कव्हर बघून ऑर्डर टाकतात. मग पुस्तक कपाटात पडून राहतं, कारण आपल्याला हवं होतं ते त्यात नसतंच.

सगळ्यात जास्त खपतं ते "जगातली सगळी लढाऊ विमानं" टाइपचं जाडजूड पुस्तक. एका विमानाला एक पान, एक फोटो, एक तक्ता, दहा ओळी. शाळेतल्या मुलाला द्यायला मस्त आहे, पण आपलं मारुत घ्या, जर्मन डिझायनर कुर्ट टँकने डिझाइन केलेलं भारतीय लढाऊ विमान, १९६१ ला पहिल्यांदा उडालं, सांगाडा उत्तम पण इंजिनं कमी ताकदीची आणि हवं तसं इंजिन शेवटपर्यंत मिळालंच नाही, ही सगळी गोष्ट टॉप स्पीडच्या एका आकड्यात कशी कळणार? म्हणून आधी आपल्याला नक्की काय शोधायचंय ते ठरवा, मग पुस्तक.

आता खरी मोठी चूक. किती विमानं पाडली हा आकडा कुणाच्या कागदावरून घेतलाय हे बघतच नाही आपण. दुसऱ्या महायुद्धात १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं, युद्धानंतर जर्मनांचे स्वतःचे रेकॉर्ड तपासले तर खरं नुकसान साठच्या आसपास निघालं. वैमानिक खोटं बोलत होते असं अजिबात नाही, एकाच विमानावर तिघं गोळ्या झाडतात, ते धूर सोडत ढगात जातं आणि तिघंही आपापल्या रिपोर्टात ते लिहितात. आपल्याकडेही तेच. २२ नोव्हेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानच्या (आताच्या बांगलादेशच्या) सीमेवरचं बोयरा. आपली चार नॅट लढाऊ विमानं, समोर पाकिस्तानी सेबर विमानं, आपला दावा तीन सेबर पाडल्याचा. दोन नक्की पडली, त्यांचे वैमानिक आपल्या हाती लागले, त्यातले परवेझ मेहदी कुरेशी तर पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरं मात्र मार खाऊन का होईना, ढाक्याला परत पोचलं. आणि नॅट पाडल्याचा दावा तिकडूनही झाला होता, पण आपले चारही नॅट सुखरूप उतरले. यात आपल्या पोरांचं शौर्य एक कणभरही कमी होत नाही, पण जे पुस्तक "तीन पाडली" म्हणून पुढे जातं आणि तिसऱ्याचं काय झालं ते लिहीत नाही, ते रेफरन्स म्हणून कामाचं नाही. मी तर कुठलंही नवीन पुस्तक हातात आलं की इंडेक्समध्ये आधी बोयरा शोधतो, तुम्हाला जी लढाई नीट माहितीये ती शोधा. इंडेक्सच नसेल तर सरळ खाली ठेवा.

दोन पुस्तकांत आकडे जुळत नसतील तर आधी छपाईचं वर्ष बघा. मिग-२५ चं उदाहरण घ्या, १९७६ च्या सप्टेंबरात बेलेंको नावाचा सोव्हिएत वैमानिक ते घेऊन जपानात हाकोदातेला उतरला, तोवर पाश्चात्त्य तज्ज्ञ टायटॅनियमचं अफाट चपळ फायटर समजून घाबरले होते, उघडून बघितलं तर बहुतेक भाग निकेल-स्टीलचा. त्याआधीच्या पुस्तकातले आकडे म्हणजे अंदाज, मग पुस्तक कितीही नावाजलेलं असो.

वर्ष ठीक असेल तर युनिट बघा. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकन पावणेचारचा, त्यामुळे ब्रिटिश स्पिटफायरचे ८५ आणि अमेरिकन मस्टँगच्या पंखांतले १८४ हे इंधनाचे गॅलन थेट शेजारी ठेवून चालत नाही. रेंजचंही तसंच, एका ठिकाणी जादा टाक्या लावून एकेरी जायचं अंतर दिलेलं असतं, दुसरीकडे हल्ला करून परत यायची त्रिज्या, आणि आपण वाद घालत बसतो.

नावांचाही घोळ होतो. आपल्याकडे मिग-२१ एफएल ला टाइप ७७ म्हणतात आणि त्यानंतरच्या मिग-२१ बिसला टाइप ७५, म्हणजे मोठा नंबर तो नवीन असं नाही. मिग-२१ ओझरला बनायची, त्यामुळे नाशिककडच्या वाचकांना हे टाइप तोंडपाठ असतील, पण बाहेरच्या लेखकांच्या पुस्तकात हे बऱ्याचदा गाळलेलं असतं.

मॉडेल बनवणाऱ्यांनी रंगीत चित्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कितीतरी चित्रं एकाच कृष्णधवल फोटोवरून काढलेली असतात आणि जुन्या काही फिल्मवर पिवळा रंग काळपट यायचा. ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेत लाल रंग काढून टाकला होता, जपानी विमान समजून आपल्याच माणसांनी मारू नये म्हणून, तर १९४४ च्या तिथल्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानावर लाल ठिपका दाखवला असेल तर चित्रकाराने अभ्यास केलेला नाही.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी जरूर घ्या, मराठीतही घ्या, कॉकपिटमध्ये काय वाटत होतं ते दुसरीकडे कुठे मिळणार? फक्त तारखा आणि आकडे त्यातून उचलू नका. १९७१ वर सुरुवात करणार असाल तर आपल्या बाजूचं एक, पाकिस्तानी बाजूचं एक आणि मग एखाद्या स्क्वाड्रनचा इतिहास, या क्रमाने घ्या, आणि पहिली दोन शेजारी उघडी ठेवून एकेक दिवस वाचा.