पिस्तूलवर रेड डॉट लावला तरी ग्रुप फुटतोय? या चुका टाळा

पणजी-म्हापशाकडची बरीच पोरं हल्ली प्रॅक्टिसच्या एअर पिस्तूलवर रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, म्हणजे नेम धरायचं साधन) लावतायत आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या छर्‍यांचा पुंजका, फुटतो म्हणून आठवडाभरात कंटाळून काढूनही टाकतायत. साइट खराब नसते हो, सवयी जुन्या असतात.

पहिली चूक, डॉटकडे बघत बसणं. ओपन साइटवर (काच नसलेली साधी पुढची-मागची साइट) नजर पुढच्या साइटवर ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, असं शिकवलेलं असतं आणि तिथे ते बरोबरच आहे, पण रेड डॉटमध्ये उलटं, नजर टार्गेटवर, दोन्ही डोळे उघडे, डॉट त्यावर आपोआप दिसतो. जमत नसेल तर साइटच्या पुढच्या काचेवर टेप लावून ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर ओढायचा सराव (पिस्तूल रिकामं आहे ना ते आधी दोनदा बघा). डॉटकडे बघत राहिलात तर समोर नुसती टेपच दिसेल, टार्गेटकडे बघितलंत तर डॉट त्याच्यावर दिसेल, तिथल्या तिथे कळतं नजर कुठे होती.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. डॉट थरथरतो म्हणून तो मधोमध आला रे आला की ट्रिगर ओढायचा! हात पूर्वीही हलतच होता, फक्त आता दिसतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचा पेलेट (छर्रा) अशा झटक्यात बहुतेक वेळा खाली डावीकडे जातो. हिशोब बघा, ४ एमओएचा डॉट (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) १० मीटरवर साधारण १२ मिलिमीटर झाकतो आणि एअर पिस्तूल टार्गेटची दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची, म्हणजे डॉटनेच दहा झाकला जातो, मग त्याचा अगदी मध्य कुठे शोधत बसता? तो काळ्या भागात फिरू दे, ट्रिगर हळूहळू दाबत राहा.

डॉट सापडतच नाही? बहुतेकदा नळी वर गेलेली असते आणि डॉट काचेच्या वरून बाहेर पडतो. मनगट किंचित खाली घ्या, डोकं हलवून शोधू नका.

ब्राइटनेस फुल ठेवू नका, डॉट फुगतो.

ग्रुप घट्ट पण बाजूला पडतोय तर झिरो, म्हणजे साइटची जुळवणी, बघा, सगळीकडे विखुरतोय तर आधी साइट पिस्तूलवर बसवणाऱ्या माउंटचे स्क्रू तपासा आणि मगच स्वतःला दोष द्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत नुसती ओल, त्यात किनाऱ्याची खारी हवा, बॅटरीच्या पट्ट्यांना गंज धरतो, म्हणून केसमध्ये सिलिका जेल टाका आणि चवथीच्या सुट्टीत पिस्तूल पडून राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा.

डॉट गोल न दिसता फाटका, शेपटीवाला दिसतोय? मोबाईलने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल आला तर साइट परत करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, सिलिंड्रिकल नंबर असू शकतो.

आणि स्पर्धेची तयारी चालू असेल तर लक्षात ठेवा, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) १० मीटर एअर पिस्तूलमध्ये फक्त ओपन साइट चालते, त्यामुळे मॅचच्या बऱ्याच आधी डॉट उतरवून नजर परत पुढच्या साइटवर बसवायला वेळ ठेवा.