आरएनए सायलेन्सिंगवर प्रोजेक्ट घेताय? आधी प्राणी कोणता ते बघा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मायक्रोआरएनएवर, म्हणजे जनुकांना गप्प करणाऱ्या इवल्या आरएनएवर, प्रोजेक्ट घ्यायचं ठरवलं असेल, तर विषय चांगला आहे. ड्रोशा आणि डायसर (आरएनए कापून छोटे तुकडे करणारी एन्झाइम्स), रिस्क (ते तुकडे घेऊन काम करणारा प्रथिनांचा संच) हे शब्द तुम्हाला नवे नाहीत असं धरून चालते. फायर आणि मेलोंचं १९९८ चं कृमीवरचं आरएनए सायलेन्सिंगचं काम, त्याला २००६ चं नोबेल, मायक्रोआरएनएच्या शोधासाठी अँब्रोस आणि रव्हकन यांना २०२४ चं नोबेल, हे व्हायव्हाला विचारतात आणि बहुतेकांना येतंही. पोरं लटकतात ती आर्गोनॉट (थोडक्यात आगो) प्रथिनांवर. छोटा आरएनए धरून जनुकाचा निरोप, म्हणजे एमआरएनए, गप्प करणारी ती हीच.

मीही तिथेच लटकले होते. नेट परीक्षेच्या तयारीच्या झेरॉक्स नोट्समध्ये एक चौकट होती: मायक्रोआरएनएसाठी डायसर-१ आणि आगो-१, एसआयआरएनएसाठी (लांब दुहेरी आरएनए कापून होणारे छोटे तुकडे) डायसर-२ आणि आगो-२. सुटसुटीत, एका वाचनात पाठ होणारी. आणि फळमाशीपुरती ठीकच. फक्त 'फळमाशी' हा शब्द झेरॉक्सच्या कडेला कापला गेला होता की मुळातच लिहिलेला नव्हता, देव जाणे.

हीच चौकट घेऊन माणसाच्या पेशींवरचे पेपर वाचायला बसलात की सगळं वाकडं दिसायला लागतं. माणसात डायसर एकच आहे. आगो चार, आणि चारही मायक्रोआरएनए धरतात, चारही एसआयआरएनए धरतात. असं वाटून दिलेलं काम नाहीच. फरक आहे तो कापण्याचा. छोट्या आरएनएची एमआरएनएशी जुळणी पूर्ण असेल तर तो एमआरएनए मधोमध कापायचं काम मुख्यतः आगो-२ करतो. आगो-३ लाही काही ठरावीक परिस्थितीत कापता येतं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. जुळणी अर्धवट असेल, आणि आपल्याकडच्या मायक्रोआरएनएची बहुतेक वेळा तशीच असते, तर कापाकापी होत नाही. आगो टीएनआरसी६ नावाच्या प्रथिनाला धरतो, ते एमआरएनएची पॉली-ए शेपूट खुडणाऱ्या मंडळींना बोलावतं, भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) मंदावतं आणि एमआरएनए संपतो.

आता हे बघा. माशीतलं आगो-२ काढून टाकलं तर माशी जगते, फक्त विषाणूंपुढे टिकत नाही. उंदरातलं आगो-२ काढलं तर पिल्लू गर्भातच मरतं. नाव तेच, क्रमांक तोच. ॲराबिडॉप्सिस या रोपात आगो दहा आहेत आणि मायक्रोआरएनएची मुख्य कापाकापी तिथे आगो-१ करतो, म्हणजे आणखी उलटं. कृमीत तर एएलजी-१, एएलजी-२, आरडीई-१ अशी वेगळीच नावं. गावोगावी पाटील असतो म्हणून एका गावचं वतन दुसऱ्या गावात चालत नाही, तसलाच प्रकार.

ही गफलत लवकर उघडी पडत नाही, याचंही कारण आहे. औषधांकडे बघा. २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान, नंतर आलेलं कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान, ही दोन्ही एसआयआरएनए. ती यकृताच्या पेशींत आगो-२ कडूनच एमआरएनए कापून घेतात. म्हणजे परीक्षेत 'एसआयआरएनए आणि आगो-२' लिहिलंत तर मार्क मिळतात. माशीची चौकट माणसात चुकून बरोबर उत्तर देते, आणि आपल्याला वाटतं समजलं. मग प्रयोगात आगो-२ कमी केल्यावर मायक्रोआरएनएची टार्गेट्सही हलतात तेव्हा आपण ट्रान्सफेक्शनला (पेशीत आरएनए घालण्याच्या पद्धतीला) शिव्या घालतो. (आगो-२ एसआयआरएनएने कमी करायला निघालात तर आणखी मजा: ज्याला मारायचं तोच कात्री चालवणार. जसा तो कमी होतो, तशी कात्रीही बोथट होते.)

आजारांच्या बाजूला आलात की प्राणी कोणता हा प्रश्न जास्तच टोचतो. डायसर१ जनुकातल्या जन्मजात बदलांचा लहान मुलांच्या फुप्फुसातल्या दुर्मिळ गाठीशी संबंध २००९ मध्ये दाखवला गेला. त्या गाठींत बहुतेकदा दुसऱ्या प्रतीतही डायसरच्या आरएनेझ-३ बी या कापणाऱ्या भागात बिघाड असतो, आणि मूळ आरएनएच्या ५पी बाजूचे मायक्रोआरएनए नीट सुटतच नाहीत. आगो-२ मधल्या बदलांमुळे मुलांचा बौद्धिक विकास खुंटतो, हे २०२० मध्ये पुढे आलं. असे पेपर माशीची चौकट डोक्यात ठेवून वाचता येत नाहीत.

मी आता काय करते: पेपरचा ॲबस्ट्रॅक्ट वाचायच्या आधी पेन्सिलीने वरच्या कोपऱ्यात प्राणी आणि पेशी लिहिते. 'माणूस, हेला.' 'माशी, एस२.' ठाणे-पनवेल लोकलमध्ये ऐरोली सोडल्यावर बसायला मिळालं की हे काम होतं. रिव्ह्यू वाचताना प्रत्येक परिच्छेदाला लिहावं लागतं, कारण रिव्ह्यू लिहिणारे एका वाक्यात माशीतून उंदरात उडी मारतात आणि सांगत नाहीत.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. टार्गेट शोधणाऱ्या वेबसाइटवर मायक्रोआरएनएचं नाव टाकलं की शेकड्यांनी जनुकं येतात. साइट बघते ती मायक्रोआरएनएच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतची जुळणी एवढीशी. ती कुठेही सापडते. ती यादी म्हणजे निकाल नाही. ल्युसिफरेजची (चमक मोजणारी) चाचणी, जुळणीची जागा बदलूनही, करून दाखवलीत तर बोला. एकाच एसआयआरएनएवरून निष्कर्ष काढू नका, निदान दोन वेगळे वापरा.

गाइड सरांबद्दलही एक. खारघरला ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) आहे, म्हणून नवी मुंबईतल्या पोरांची पहिली धाव तिकडे. जरूर अर्ज करा. नाही जमलं तर रडू नका, खरंच. सरांचं नाव किती मोठं यापेक्षा शेजारच्या बेंचवर पीएचडी करणारी ताई जेल दाखवून '२८एसचा पट्टा पुसट झालाय, आरएनए गेलाय, परत काढ' असं तोंडावर सांगते का, हे मोलाचं. मी शिकले ते अशाच एका ताईकडून. सरांना महिन्यातून एकदा भेटायचे, आणि त्यात काही बिघडलं नाही.

लॅबमध्ये गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फ्रीजरमधल्या आगोच्या अँटिबॉडीचं माहितीपत्रक मागा. ती कुठल्या प्राण्याचा आगो ओळखते, आणि एकच ओळखते की चारही, ते वाचा. चारही ओळखत असेल तर पुलडाउन (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढणं) करा, बिनधास्त करा, पण प्रबंधात 'आगो-२ ला चिकटलेले मायक्रोआरएनए' असं लिहू नका. बाहेरून येणारे परीक्षक नेमकं तेच विचारतात.