मोफत इंडी गेम शोधताना आणि खेळताना या चुका टाळा

एकट्यादुकट्या निर्मात्याने किंवा लहानशा गटाने तयार करून मोफत दिलेला इंडी गेम आणि फोनवरचा जाहिरातींनी भरलेला ‘फ्री टू प्ले’ गेम यांची किंमत सारखीच दिसत असली, तरी त्यांचा हेतू वेगळा असतो. दुसऱ्या प्रकारात मोफत प्रवेश हा विक्रीचा मार्ग असतो, तर पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा विकायचे काहीच नसते. त्यामुळे त्याला ग्राहक सेवा नसते, इन्स्टॉलर नसतो आणि कित्येकदा निर्मात्याने डाउनलोडच्या पानावर लिहिलेल्या चार ओळींखेरीज कोणतीही माहितीपुस्तिका नसते. या चार ओळी न वाचणे ही पहिली चूक असून पुढच्या बऱ्याचशा अडचणी तिच्यातूनच निघतात.

गेमचे नाव आणि ‘फ्री डाउनलोड’ असे शब्द शोधयंत्रात टाकले की दुसऱ्यांचे गेम आपल्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून वाटणारी संकेतस्थळे समोर येतात आणि गेमबरोबर नको असलेले सॉफ्टवेअरही संगणकात शिरते. त्यापेक्षा निर्मात्याचे स्वतःचे पान गाठावे. २०१३ साली सुरू झालेल्या इच डॉट आयओ या संकेतस्थळावर अशी असंख्य पाने आहेत. तिथे केवळ ‘लोकप्रिय’ यादी पाहून परतू नये. किंमत, प्रकार आणि ‘ब्राउझरमध्ये खेळता येणारे’ अशा गाळण्या (फिल्टर) लावाव्यात आणि एखादा गेम आवडला तर त्याच निर्मात्याचे बाकीचे गेम पाहावेत. माझ्या मते शोधाचा सर्वांत भरवशाचा मार्ग हाच आहे, कारण आवडीनिवडी यादीपेक्षा माणसाशी अधिक जुळतात.

‘नेम युअर ओन प्राइस’ (किंमत तुम्हीच ठरवा) असे लिहिलेले पाहून अनेक जण गेम सशुल्क असल्याचे समजून मागे फिरतात. किमान रक्कम शून्य असेल तर पैसे न देता थेट डाउनलोडकडे नेणारी लहान अक्षरांतील ओळ त्याच चौकटीत असते. मागाहून पैसे द्यावेसे वाटले आणि भारतातील कार्ड नाकारले गेले, तर कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू केले आहेत का, हे आधी तपासावे.

एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमुळेही मोठा घोळ होतो. दाइसुके अमाया यांनी सुमारे पाच वर्षे एकट्याने खपून २००४ मध्ये मोफत प्रसिद्ध केलेला ‘केव्ह स्टोरी’ पुढे सशुल्क आवृत्तीतही आला. मूळ मोफत गेम जपानी भाषेत असून चाहत्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्याला जोडता येतो. २००६ पासून मोफत मिळणाऱ्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ची चित्रमय सशुल्क आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानावर आली, परंतु अक्षरांनी पडदा भरणारी जुनी मोफत आवृत्ती बंद झालेली नाही. सशुल्क आवृत्तीची चित्रे पाहून मोफत आवृत्ती उतरवणाऱ्याची निराशा होणारच. ‘सेलेस्ट’चे उदाहरण याहून बोलके आहे. ‘पिको-८’ या गेम घडवण्याच्या साधनावर चार दिवसांत घडवलेला छोटा गेम आजही ब्राउझरमध्ये मोफत खेळता येतो आणि त्याच बीजातून वाढलेला मोठा सशुल्क गेम २०१८ मध्ये आला. छोट्या गेमकडून मोठ्याची लांबी मागणे अन्यायाचे आहे. २००२ पासून चालत आलेल्या ‘लुडम डेअर’सारख्या स्पर्धांत ४८ तासांत केलेले गेमही एकाच बैठकीत, एखादी लघुकथा वाचावी तसे, खेळावेत.

आता तांत्रिक अडचणींकडे वळू. झिप फाइल न उलगडता तिच्या आतूनच गेम सुरू करणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. अशा वेळी शेजारच्या फोल्डरमधील चित्रे व ध्वनी गेमला सापडत नाहीत आणि ‘डेटा फोल्डर नाही’ किंवा ‘डीएलएल गहाळ’ असा संदेश येतो. सर्व फाइली आधी एका फोल्डरात काढाव्यात. विंडोजवरील वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असेल, तर फाइलच्या मार्गात ती अक्षरे आल्यामुळे काही जुने गेम उघडतच नाहीत. अशा वेळी थेट ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्हवर रोमन अक्षरांच्या नावाचे फोल्डर करून गेम तिथे हलवावा.

‘अज्ञात प्रकाशक’ हा विंडोजचा इशारा म्हणजे विषाणू सापडल्याची खूण नव्हे. प्रकाशकाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागतात आणि मोफत गेम देणारे बहुतेक जण ते मोजत नाहीत. तरीही डोळे मिटून ‘रन एनीवे’ दाबू नये. फाइल निर्मात्याच्याच पानावरून घेतली असल्याची खात्री करावी, ती व्हायरसटोटल या विषाणू तपासणाऱ्या संकेतस्थळावर तपासावी आणि मगच ‘मोअर इन्फो’मधून पुढे जावे. मॅकवर सिक्वोया आवृत्तीपासून कंट्रोल दाबून उघडण्याची जुनी युक्ती चालत नाही. सिस्टिम सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात जाऊन परवानगी द्यावी लागते.

ब्राउझरमधील गेम कळफलकाला दाद देत नसेल, तर त्याच्या चौकटीत एकदा क्लिक करावे. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम भागते. तिथे जतन केलेली प्रगती ब्राउझरच्याच साठ्यात राहत असल्याने इनकॉग्निटो खिडकीत खेळल्यास, साइटचा डेटा पुसल्यास किंवा थर्ड-पार्टी कुकीज बंद असल्यास ती नाहीशी होऊ शकते. निर्मात्याने नवी आवृत्ती चढवल्यावरही जुनी प्रगती कधीकधी सापडत नाही. म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या गेमची डाउनलोड आवृत्ती असेल तर तीच घ्यावी. जुन्या फ्लॅश गेमसाठी मात्र ‘फ्लॅश प्लेअर’ शोधत हिंडू नये. ॲडोबीने त्याला दिलेला आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला असल्याने त्या नावाने आज मिळणाऱ्या फाइलींवर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. ‘रफल’ किंवा ‘फ्लॅशपॉइंट’ या पर्यायी सॉफ्टवेअरच्या साहाय्याने जुन्या फ्लॅश गेमपैकी कितीतरी चालतात.

एवढे करूनही गेम बंद पडला, तर ‘चालत नाही’ असे लिहून निर्मात्याला कोड्यात टाकू नये. ऑपरेटिंग सिस्टिम, गेमची आवृत्ती, बंद पडण्यापूर्वी केलेली कृती आणि संदेशाचे छायाचित्र कळवल्यास एकट्याने काम करणारा माणूसही दुरुस्ती करू शकतो. चाललेला आणि आवडलेला गेम असेल, तर त्याची झिप फाइल स्वतःकडे जपून ठेवावी, कारण निर्माता आपले पान केव्हाही काढून टाकू शकतो.