वर्गातील त्रासदायक वर्तन बदलण्यासाठी: शिक्षेआधी नोंदवही

गणिताच्या तासाला शेजाऱ्याची वही ओढणाऱ्या चौथीतल्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले आणि दुसऱ्या दिवशी त्याने तेच केले, तर शिक्षा कमी पडली असे समजण्याची घाई करू नये. कदाचित त्याला हवी असलेली सुटकाच आपण त्याला रोज देत असतो. शिवाय, शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. चारचौघांत अपमान करणे हा त्यातून काढलेला मधला मार्ग नव्हे.

वर्तनोपचारातील, म्हणजे वर्तन बदलण्याच्या उपचारपद्धतीतील, पहिले काम नोंदीचे असते. आठ-दहा दिवस एका वहीत तीन रकाने भरावेत: आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर लगेच काय झाले. ‘मस्ती केली’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘भागाकाराची उदाहरणे फळ्यावर येताच वही फेकली, बाईंनी बाहेर पाठवले’ ही नोंद बोलकी आहे. अशा नोंदींवरून मूल लक्ष वेधून घेऊ पाहते आहे, काम टाळते आहे की एखादी वस्तू मिळवू पाहते आहे, याचा अंदाज बांधता येतो.

अंदाज आला की तीच गरज भागवणारे, पण चालण्याजोगे वर्तन शिकवावे. काम टाळणाऱ्या मुलाला वीसऐवजी पाच उदाहरणे द्यावीत आणि ‘मदत हवी’ असे लिहिलेले कार्ड बाकावर ठेवू द्यावे. त्याने कार्ड वापरले की लगेच जवळ जावे आणि ‘वही न फेकता मदत मागितलीस’ अशा नेमक्या शब्दांत कौतुक करावे. नुसते ‘शाब्बास’ पुरत नाही. सुरुवातीला हे प्रत्येक वेळी करावे, सवय रुळल्यावर हळूहळू विरळ करावे. चांगल्या वर्तनासाठी चांदणी देण्याचा तक्ता चालतो, मात्र मिळवलेली चांदणी रागाच्या भरात काढून घेऊ नये आणि मधली सुट्टी तर मुळीच कापू नये.

लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करायचे ठरवले, तर तो अनेकदा आधी वाढतो, आणि अनेक शिक्षक नेमके इथेच हार मानतात. त्या क्षणी नमते घेतले, तर जास्त जोरात ओरडल्यावर काम होते हेच मूल शिकते. कोणाला इजा होत असेल, तेव्हा मात्र दुर्लक्ष न करता तत्काळ थांबवावे.

महिनाभरात फरक दिसला नाही, तर दृष्टी, श्रवण आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण) यांची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी मुलांच्या अशा अडचणी तपासणाऱ्या सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विचारणा करता येते. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा अचानक गप्प झाले असेल, तर महिन्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावरही सल्ला मिळतो. ‘मला जमणारच नाही’ यासारखा विचार मुळाशी असल्यास समुपदेशक तो छोट्या प्रयोगांतून मुलाकडूनच तपासून घेतात. पहिल्या भेटीला जाताना पालकांनी ती तीन रकान्यांची वही सोबत न्यावी.