कोंबडी आतून शिजली का? बिनतारी तापमान-सळई कशी जोडावी, कुठे खुपसावी

अख्खी कोंबडी भाजायला किती वेळ लागतो? ‘२०० अंशांवर एक तास दहा मिनिटं’ असं कृतीत लिहिलेलं असतं. पण कोंबडी सव्वा किलोची की दोन किलोची, फ्रीजमधून थेट आली की थोडा वेळ ओट्यावर होती, तुमच्या ओटीजीच्या (विजेवरच्या छोट्या भट्टीच्या) बटणावरचे २०० अंश प्रत्यक्षात किती, यातलं काहीच त्या कृतीला माहीत नसतं. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. वरून छान तांबूस झालेली कोंबडी मी ताटात काढली, तंगडी मोडली आणि सांध्यापाशी लालसर रस निघाला. पुन्हा ओटीजीत घातली. वीस मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा सांधा शिजला होता, पण छातीचं मांस सुकून त्याचे दोरे झाले होते. पंगतीत सासूबाई होत्या, सव्वा वर्षाची भाची होती. कच्च्या कोंबडीतल्या साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांनाच होतो. पुढच्याच आठवड्यात मी अन्नाचं तापमान मोजणारा बिनतारी सेन्सर घेतला.

दिसायला ही एक स्टीलची सळई असते, पेन्सिलीएवढी लांब आणि बारीक. टोकदार बाजूला तापमान मोजणारा सेन्सर, मागच्या बाजूला चिनीमातीची किंवा तशाच टणक पदार्थाची काळी मूठ. या मुठीत अँटेना असते. बऱ्याच सळयांमध्ये भट्टीतल्या हवेचं तापमान मोजणारा दुसरा सेन्सरही मुठीतच असतो. बॅटरी सळईच्या पोटात. वाचलेला आकडा ब्लूटूथवरून फोनमध्ये येतो. तारेचे थर्मामीटर याहून स्वस्त मिळतात आणि चांगलेही असतात, पण त्यांच्या तारेमुळे ओटीजीचं दार नीट बसत नाही. फिरत्या दांड्यावर कोंबडी लावली असेल तर तार गुंडाळलीच जाते. तुम्ही फक्त ट्रेमध्येच भाजणार असाल तर तारेवालाही चालेल. फिरत्या दांड्यासाठी मात्र बिनतारीच हवा.

पहिल्या दिवशी काय करावं

सळई ज्या डबीत येते आणि चार्ज होते ती डबी उघडली की आधी सळई आणि चार्जिंगची टोकं यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी आहे का बघा. ती काढली नाही तर सळई रात्रभर डबीत ठेवली तरी चार्ज होत नाही. काही डबीत घरातल्या घड्याळाला लागतात तसले सेल बसतात, काहींना फोनची चार्जिंग वायर चालते. पहिल्यांदा पूर्ण चार्ज होऊ द्या.

मग ॲप. इथे बहुतेक जण अडतात, कारण ते फोनच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथच्या यादीत सळई शोधत बसतात. तिथे ती सापडेलच असं नाही. ॲप उघडा, ‘नवीन उपकरण जोडा’ अशा अर्थाचा पर्याय निवडा आणि मगच सळई डबीतून बाहेर काढा. डबीत असताना ती सहसा झोपलेली असते, बाहेर काढली की जागी होते. ॲप जवळपासच्या उपकरणांची परवानगी मागेल, ती द्या. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर ते लोकेशनची परवानगी मागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, त्या फोनांमध्ये ब्लूटूथने आसपास शोध घ्यायचा तर तीच परवानगी लागायची. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर सळई आधीच जोडलेली असेल तर तुमच्या फोनला ती दिसणार नाही. तिकडचं ॲप बंद करा.

दोन सेटिंग आत्ताच करून टाका. पहिलं, तापमान सेल्सिअसमध्ये आणा. बरीच ॲप फॅरनहाइटवर येतात, आणि घाईत १६५ चा आकडा बघून गडबडायला होतं. दुसरं, फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरचं बंधन काढा. चार्जिंग वाचवायला बरेच फोन मागे चालू असलेली ॲप गुपचूप बंद करतात. मग तुम्ही बाहेर पाहुण्यांशी बोलत बसता आणि सूचना कधी येतच नाही. डबी वाय-फायला जोडायची सोय असेल तर राऊटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, अशी बरीच उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर चालत नाहीत.

बर्फात तपासा

मांसात घालण्याआधी सळई खरं बोलते का ते पाहायला हवं. एक उंच पेला बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरा. अख्खे खडे नकोत, कापडात बांधून लाटण्याने ठेचा. बर्फाच्या वरच्या पातळीपर्यंत पाणी घाला आणि चमच्याने ढवळा. सळई तिच्यावरच्या खुणेच्या रेघेपर्यंत आत धरा, टोक तळाला किंवा पेल्याच्या कडेला टेकू देऊ नका. आकडा भराभर खाली येतो, मग रेंगाळतो. दोन-तीन मिनिटं थांबा. शून्याच्या एक अंश इकडेतिकडे थांबला तर सळई ठीक आहे. त्याहून जास्त फरक असेल तर ॲपमध्ये दुरुस्तीची सोय आहे का पाहा, नसेल तर सळई बदलून घ्या.

उकळत्या पाण्यात तपासू नका. त्यातून चुकीचा निष्कर्ष निघतो. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू जवळजवळ एक अंशाने उतरतो. पुण्यात ९८ दिसले म्हणून चांगली सळई परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. बर्फाचं पाणी मात्र मुंबईतही शून्यावरच असतं आणि महाबळेश्वरातही.

सळई कुठे खुपसायची

सगळं यश इथे आहे. ॲप कितीही देखणं असलं तरी टोक चुकीच्या जागी असेल तर आकडा चुकीचाच येणार.

तापमान मोजायचं ते सगळ्यात उशिरा तापणाऱ्या जागेचं, म्हणजे सर्वांत जाड भागाच्या गाभ्याचं. अख्ख्या कोंबडीत मी सळई मानेच्या बाजूने छातीच्या जाड मांसात आडवी घालते, छातीच्या हाडाला समांतर. आधी बोटाने दाबून जाडी कुठे जास्त आहे ते चाचपा. हाडाला टोक लागलं तर हाताला कडक टेकल्यासारखं जाणवतं. मग सेंटिमीटरभर मागे घ्या आणि किंचित तिरकी करून पुन्हा घाला. टोक हाडाला टेकलेलं असेल तर आकडा मांसाचा राहत नाही. दुसरी चूक म्हणजे टोक छाती पार करून पोटाच्या पोकळीत जाणं. तिथे गरम हवा असते, आकडा झपाट्याने चढतो आणि कोंबडी वेळेआधीच शिजल्याचा भास होतो. पहिल्या दहा मिनिटांतच आकडा ५० च्या पुढे गेला तर टोक बहुधा पोकळीत आहे.

खोलीही तितकीच महत्त्वाची. सळईवर एक रेघ असते, ती मांसाच्या आत जायलाच हवी. याचं कारण सुरक्षिततेचं आहे. बॅटरी आणि बाकीचा इलेक्ट्रॉनिक भाग स्टीलच्या पोटात असतो आणि त्याला भट्टीची उष्णता झेपत नाही. भोवतालचं ओलं मांसच त्याचं रक्षण करतं. माझ्या सळईची आतल्या बाजूची मर्यादा १०० अंश आहे आणि मुठीची २७५. तुमच्या सळईच्या माहितीपत्रकातले आकडे एकदा बघून ओटीजीच्या दारावर चिकटवून ठेवा. पापलेट किंवा सुरमईच्या तुकड्यात रेघेपर्यंत सळई मावतच नाही, म्हणून तिथे ती वापरायची नाही. पातळ माशाला साधा, टोचून लगेच काढायचा थर्मामीटर बरा.

मूठ काचेच्या दाराकडे तोंड करून ठेवा. ओटीजीच्या पत्र्यातून ब्लूटूथ जवळजवळ जात नाही, बाहेर पडतो तो काचेतून. वरून फॉइल झाकत असाल तर मूठ फॉइलबाहेर राहू द्या.

किती अंशांवर थांबायचं

कोंबडीसाठी अमेरिकेच्या कृषी विभागाचा आकडा ७४ अंश आहे. आपल्याकडे एफएसएसएआयची (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची) मार्गदर्शक सूचना वेळही जोडून देते: मांसाहारी पदार्थाचा गाभा ७५ अंशांवर १५ सेकंद, नाहीतर ७० वर २ मिनिटं, नाहीतर ६५ वर १० मिनिटं. दोन्हींचा अर्थ एकच, जिवाणू तापमान आणि वेळ या दोहोंनी मिळून मरतात. मटणाच्या खिम्याचे कबाब ७१ च्या वर न्या, कारण पृष्ठभागावरचे जिवाणू खिमा करताना आतवर मिसळलेले असतात.

आता रंगाबद्दल. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की लालसर म्हणजे कच्चं. पण कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीच्या हाडातल्या मज्जेचा रंग शिजल्यानंतरही सांध्यापाशी उतरतो, ७४ अंश ओलांडल्यावरही. उलट पांढरं दिसणारं मांस नीट शिजलेलं असेलच असं नाही. डिसेंबरात माझी कोंबडी खरंच कच्ची होती का, हे मला आज सांगता येत नाही, कारण मी मोजलंच नव्हतं.

छातीचा आकडा ७१ झाला की मी ओटीजी बंद करून कोंबडी बाहेर काढते आणि सळई तशीच आत ठेवते. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि मोठ्या तुकड्यात आकडा आणखी तीन-चार अंश चढतो. दहा मिनिटं फोनकडे बघत राहा: ७२, ७३, मग हळूच ७४. चढला नाही तर पुन्हा आत घाला. शेवटी मांडीच्या सांध्यात साधा थर्मामीटर टोचून बघते. मांडी छातीच्या मागे राहू शकते, आणि तिला ८० च्या आसपास नेलं तर ती उलट मऊ होते.

मटणाचं गणित वेगळं आहे. अख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, ६३ अंशांवर नेऊन तीन मिनिटं तशीच राहू दिली तर खायला सुरक्षित असते, पण आपल्याला तशी चिवट रान आवडत नाही. हाडापासून सुटणारी हवी असेल तर गाभा ९० पर्यंत मंद आचेवर न्यावा लागतो, म्हणजे स्नायूंतल्या चिवट धाग्यांचं जिलेटिन होतं. या वाटेवर ६५ ते ७५ च्या मधे कुठेतरी आकडा अर्धा-अर्धा तास हलत नाही. मांसातलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून असं होतं. सळई बिघडली असं समजून आच वाढवू नका. फॉइलमध्ये गुंडाळलं, मूठ बाहेर ठेवून, की गाडी पुढे सरकते. ९० च्या पुढे गेल्यावर मात्र लक्ष ठेवा, सळईची स्वतःची मर्यादा जवळ आलेली असते.

सिग्नल तुटला तर

माहितीपत्रकात छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. फ्लॅटमध्ये आरसीसीची एक भिंत, एक फ्रीज आणि भांड्यांची स्टीलची मांडणी मधे आली की ते निम्म्यावरही येऊ शकतं. डबी सिग्नल पुढे पाठवणारी असेल तर ती ओट्यावर ओटीजीच्या समोर ठेवा, नाहीतर जुना फोन स्वयंपाकघरात ठेवून त्यावर ॲप चालवा. शेजारी मायक्रोवेव्ह चालू केला की सिग्नल तुटू शकतो, कारण तोही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. तो बंद झाला की जोडणी परत येते.

मायक्रोवेव्हच्या आत, प्रेशर कुकरमध्ये आणि कणकेने तोंड बंद केलेल्या दम बिर्याणीच्या हंड्यात सळई घालायची नाही. पहिल्या दोन ठिकाणी ती खराब होते, हंड्यातून सिग्नल बाहेर येत नाही. कोळशाच्या शेगडीवर मूठ ज्वाळेच्या वर येणार नाही अशी कोंबडी ठेवा. चरबी ठिबकून भडका उडाला तर दोन मिनिटांत मूठ २७५ च्या पार जाते.

दह्यासाठी

शाकाहारी घरातही ही सळई पडून राहणार नाही. दूध उकळून खाली उतरवा, पातेल्यावर स्टीलची चाळणी आडवी ठेवा आणि तिच्या कडेच्या फटीतून सळई दुधात सोडा, मूठ वर राहील अशी. ॲपमध्ये ४३ ची सूचना लावा आणि दुसऱ्या कामाला लागा. सूचना आली की विरजण लावा. ५० च्या वर लावलं तर विरजणातले जिवाणू मरतात, ३० च्या खाली लावलं तर थंडीच्या दिवसांत दही लागायला दुसरा दिवस उजाडतो. हाताच्या अंदाजाने माझी आई हे सहज करते. मला मात्र पहिल्यांदाच सलग महिनाभर एकसारखं दही लागलं.

धुणं आणि ठेवणं

गरम सळई नळाखाली धरू नका. चिनीमातीला अचानक गार पाणी लागलं की तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी आत गेलं की सळई संपली. चिमट्याने काढून ताटलीत ठेवा, पंधरा मिनिटांनी साबणाने धुवा. कच्च्या मांसात घालताना हात मुठीला लागलेला असतो, म्हणून मूठही पुसून घ्या आणि कच्च्या हाताने डबीला शिवू नका. एका तुकड्यातून काढून दुसऱ्यात घालायची असेल तर मधे धुतलीच पाहिजे. चार्जिंगचं टोक, म्हणजे मुठीच्या शेवटी असलेला पितळी ठिपका, दर तीन-चार वापरांनंतर काळा पडतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा आणि कोरड्या फडक्याने पाणी टिपून मगच डबीत ठेवा. ठेवल्यावर दिवा लागला का ते बघा. लागला नाही तर सळई तिथेच थोडी फिरवा.